मेल सर्व्हरमधील दोषशोधन आणि १९८८ चे ‘सेंडमेल’ प्रकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
ई-मेलच्या इतिहासात शोधाचे श्रेय कोणाचे, याची चर्चा विपुल झाली आहे. पाठविलेला निरोप पोहोचला नाही तर तो कोठे अडकला हे शोधणाऱ्यांचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. आज मोठ्या संस्थांच्या मेल सर्व्हरमधील दोष हुडकून ते दूर करणे हे माहिती तंत्रज्ञान सल्लागाराचे एक प्रमुख काम झाले आहे. दोष शोधण्यासाठी सर्व्हर किती उघडा ठेवावा, हा या कामातील मूलभूत प्रश्न होय. नोव्हेंबर १९८८ मधील एका घटनेने तो प्रथम तीव्रतेने पुढे आणला. प्रस्तुत लेखात त्या घटनेचा व तिच्या परिणामांचा विचार केला आहे.

विश्वासावर उभी व्यवस्था :
ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ‘आरएफसी ८२१’ या दस्तऐवजाद्वारे ‘एसएमटीपी’ ही मेल-वहनाची नियमावली सिद्ध केली. तिच्यातील आज्ञा साध्या, वाचता येण्याजोग्या अक्षरांत असल्याने दोन सर्व्हरांमधील संभाषण माणसालाही समजत असे. किंबहुना कळफलकावरून त्या आज्ञा स्वतः देऊन सर्व्हर काय उत्तर देतो हे पाहता येई. उत्तरे तीन अंकी असत. पहिला अंक ४ असल्यास अडचण तात्पुरती, ५ असल्यास कायमची. शिवाय वाटेतला प्रत्येक सर्व्हर निरोपाच्या माथ्यावर आपली वेळेची नोंद चढवीत असे. जुन्या पोस्टकार्डावरील टपाल कचेऱ्यांच्या शिक्क्यांवरून जसा त्याचा प्रवास कळे, तसाच या नोंदी खालून वर वाचत गेल्यास विलंब कोठे झाला हे कळते. आजही कोणताही जाणता सल्लागार येथूनच आरंभ करतो.

त्या काळी जोडलेल्या संस्था मुख्यतः विद्यापीठे व संशोधन केंद्रे होती. दाराशी आलेला पाहुणा ओळखीचाच असणार, हे गृहीत होते.

‘सेंडमेल’ आणि त्याची ‘डीबग’ आज्ञा :
बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी प्रथम ‘डिलिव्हरमेल’ आणि नंतर ‘सेंडमेल’ ही प्रणाली लिहिली. १९८३ च्या ‘४.२ बीएसडी’ बरोबर ‘सेंडमेल’चा प्रसार झाला. निरनिराळ्या नेटवर्कमध्ये पत्ता लिहिण्याच्या पद्धती भिन्न होत्या. त्या सर्वांचा मेळ घालण्याचे काम या प्रणालीने अंगावर घेतले आणि त्यामुळे तिची मांडणी-फाईल कमालीची गुंतागुंतीची झाली. चिन्हांनी भरलेली ती फाईल स्थानिक गरजेनुसार बसविताना अनुभवी व्यवस्थापकही चुकत. मांडणी नीट बसली की नाही हे तपासण्यासाठी ‘डीबग’ ही सोय उपयोगी पडे. ती चालू असता निरोप एखाद्या टपालपेटीऐवजी थेट संगणकावरील प्रोग्रामकडे पाठविता येत असे. काम झाल्यावर ही सोय बंद करणे अपेक्षित होते. परंतु अनेक विक्रेत्यांनी व व्यवस्थापकांनी ती तशीच चालू ठेवली. हा निव्वळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मांडणी पुन्हा कधी बिघडेल याची शाश्वती नसताना हाताशी असलेले हत्यार कोण टाकून देईल?

२ नोव्हेंबर १९८८ च्या सायंकाळी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने स्वतःच्या प्रती काढत पसरणारा एक प्रोग्राम नेटवर्कवर सोडला. त्याने वापरलेल्या मार्गांपैकी एक हीच ‘डीबग’ आज्ञा होती. सुमारे ६,००० संगणक बाधित झाल्याचा अंदाज त्या वेळी वर्तविला गेला. एकाच संगणकावर प्रतींची गर्दी होऊन यंत्रे मंदावली.

इतिहासाच्या दृष्टीने खरा बोधक भाग यापुढचा आहे. भयभीत व्यवस्थापकांनी आपापले संगणक नेटवर्कपासून तोडले, मेलचे मार्ग बंद केले. उपाय सांगणारे निरोपही त्याच मार्गांनी यावयाचे होते! मॉरिसच्या हार्वर्डमधील एका मित्राने ३ नोव्हेंबरच्या पहाटे निनावी निरोप पाठवून प्रतिबंधाची कृती कळविली. पण मधले मार्ग बंद झाल्याने तो वेळेत पोहोचलाच नाही. त्याच पहाटे बर्कलीहून दुरुस्ती प्रसृत झाली. ज्यांच्याकडे मूळ संहिता नव्हती त्यांनी तयार प्रोग्राममध्ये ‘डीबग’ हा शब्द शोधून तो निकामी करावा, असा तिचा साधा आशय होता.

परिणाम :
त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे समन्वय केंद्र स्थापन झाले. भारतात याच धर्तीवरील ‘सर्ट-इन’ जानेवारी २००४ मध्ये कार्यान्वित झाले. मॉरिसला १९९० मध्ये तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा व १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. सर्व्हरवरील सोयीही हळूहळू आवळल्या गेल्या. एखादा पत्ता अस्तित्वात आहे का, हे विचारण्याच्या आज्ञा बहुतेक ठिकाणी बंद झाल्या. परक्यांचे टपाल पुढे पाठविण्याचे सौजन्य अवांछित मेलच्या वाढीमुळे धोक्याचे ठरले आणि फेब्रुवारी १९९९ च्या ‘आरएफसी २५०५’ ने त्यावर निर्बंध सुचविले. ही दक्षता योग्यच होती. मात्र तिची किंमत दोष शोधणाऱ्याने मोजली. पूर्वी सर्व्हर जे मोकळेपणाने सांगे, ते आता सल्लागाराला नोंदवह्यांतून तर्काने काढावे लागते.

पुढे तर रक्षकच अडथळा ठरल्याचे उदाहरण घडले. १ जानेवारी २०२२ रोजी संस्थांच्या स्वतःच्या जागेत चालणाऱ्या ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज’ सर्व्हरांवर निरोप रांगेत खोळंबले. विषाणू-तपासणीच्या घटकाचा आवृत्ती-क्रमांक तारखेवरून बनविला जाई. नव्या वर्षाचा ‘२२०१०१०००१’ हा क्रमांक त्यासाठी राखलेल्या जागेच्या कमाल मर्यादेपेक्षा, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ पेक्षा, मोठा निघाला. मेल वाहती करावयाची तर तपासणी थांबवावी लागे आणि तपासणी राखावयाची तर मेल अडे. अनेक व्यवस्थापकांनी दुरुस्ती येईपर्यंत तपासणी बंद ठेवून टपाल सोडले. मायक्रोसॉफ्टने पुरविलेल्या दुरुस्त घटकाचा क्रमांक ‘२११२३३०००१’ असा होता. तारीख म्हणून तो वाचला तर ३३ डिसेंबर २०२१ होते.