पुसदच्या धारेवरचा त्रिकोण

शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगलेला असतो. आपण छडीने त्यावर वर्धा नदी दाखवतो, पैनगंगा दाखवतो, तालुक्यांची गावे म्हणून घेतो. असेच एकदा शिकवत असताना सातवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "पुसद नेमकं इथंच आहे, हे पहिल्यांदा कोणी ठरवलं?" आम्ही म्हटले, "मोजून ठरवले." त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "कुठून मोजलं?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. आजचा मुलगा कदाचित "उपग्रहावरून" असे सांगून मोकळा होईल. पण हा नकाशा उपग्रहांच्या फार आधीचा आहे. उत्तर शोधता शोधता आम्ही दोनशे वर्षे मागे गेलो आणि शेवटी आमच्याच तालुक्यातल्या डोंगरधारेवर जाऊन पोहोचलो.

प्रथम ॲटलास उघडा. ७७ अंश ४० मिनिटे पूर्व रेखांशावर दक्षिणोत्तर पट्टी ठेवा. ती उमरखेडजवळून जाते, पुसदला थोडे पश्चिमेला आणि दिग्रसला थोडे पूर्वेला ठेवून दारव्हा तालुक्यातून अमरावती जिल्ह्यात शिरते. यवतमाळ जिल्ह्यात तिची लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. हीच पट्टी दक्षिणेकडे वाढवली तर बीदरजवळच्या दामरगिड्डा या ठिकाणापाशी पोहोचते आणि पुढे तिची दिशा कन्याकुमारीकडे जाते. उत्तरेकडे मध्य प्रदेशातील सिरोंज ओलांडून ती मसुरीच्या डोंगरापर्यंत जाते. एकोणिसाव्या शतकात या रेषेच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणांची साखळी टाकून सुमारे २४०० किलोमीटर जमीन मोजली गेली. त्या काळातील पृथ्वीच्या मोजमापांमध्ये हे एक फार मोठे काम होते. त्याला 'ग्रेट आर्क' म्हणजे महान कंस असे नाव पडले. हा कंस आपल्या दारावरून गेला आहे, ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती.

ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे काम सुरू केले विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश राजाच्या सैन्यातील अधिकाऱ्याने. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली आधाररेषा मोजायला घेतली गेली. सपाट जमिनीवर काही मैल लांबीची एक रेषा पोलादी साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजायची, ही आधाररेषा. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरच्या निशाणाकडे पाहून कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. ती प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणजे साखळीने मोजायची ती एकच रेषा. पुढचे शेकडो किलोमीटर केवळ कोन मोजून पार करायचे. नववीच्या भूमितीतला हा त्रिकोण, पण त्याच्या बाजू तीस-चाळीस किलोमीटरच्या.

आता अडचण लक्षात येईल. चाळीस किलोमीटरवरचे निशाण दिसायचे कसे? पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाला जेमतेम पाच किलोमीटरपर्यंतची जमीन दिसते. उंचीचे (मीटरमधील) वर्गमूळ काढून त्याला ३.६ ने गुणले की क्षितिजाचे अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. सभोवतालपेक्षा १०० मीटर उंच टेकडीवरून ३६ किलोमीटर दिसते. समोरही तेवढीच उंच टेकडी असेल तर दोघांची दृष्टी सत्तर किलोमीटरपर्यंत भिडू शकते. म्हणून सर्वेक्षकांची वाट नेहमी डोंगरधारेवरून असे.

पुसद-दिग्रसच्या बाजूला अशा धारा पुष्कळ आहेत. हा सगळा बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाचा प्रदेश. पूस, अरुणावती, अडाण या नद्यांनी तो कापून काढला आणि मध्ये सपाट माथ्याच्या लांबच लांब धारा उरल्या. सपाट माथ्यांची एक गंमत आहे. शेजारशेजारच्या धारा जवळजवळ सारख्याच उंचीच्या असतात, त्यामुळे दुरून कोणती टेकडी कोणती हे ओळखू येत नाही. वर सागाचे आणि धावड्याचे रान. ते तोडल्याशिवाय समोरचे दिसत नाही.

हे सगळे पुस्तकात वाचून आमचे समाधान होईना. गेल्या हिवाळ्यात आम्ही सात शिक्षकांनी एक रविवार ठरवला. तीन टेकड्या निवडल्या, एकमेकींपासून तीन-चार किलोमीटरवर. धारेवरून जाऊन तिन्ही माथे गाठायचे आणि जिथून निघालो तिथेच संध्याकाळी परत यायचे, असा फेरा होता. आदल्या दिवशी तिन्ही माथ्यांवर बांबूला पांढरे कापड बांधून ठेवले. सोबत चित्रकलेचा फळा, कोनमापक, टाचण्या आणि फळा समपातळीत आहे का हे बघायला पाण्याने अर्धी भरलेली बाटली. हाच आमचा थिओडोलाइट!

वाट दाखवायला तांड्यावरचे एक काका आले होते. पहिल्या माथ्यावर पोहोचायलाच दीड तास लागला. मुरमावरून पाय घसरतात, एक चढ संपला की मागे दुसरा निघतो. दुसऱ्या माथ्यावरून पहिले निशाण दिसेचना. वाऱ्याने कापड बांबूला गुंडाळले गेले होते. आमच्यातले दोघे पुन्हा खिंडीत उतरून पहिल्या माथ्यावर गेले. त्यात अडीच तास गेले. काका म्हणाले, "गुरुजी, एवढ्यात तर आमची गुरं दोनदा चरून आली असती."

संध्याकाळी फेरा पूर्ण झाला. तीन कोनांची बेरीज केली, ती आली १८३ अंश ३० मिनिटे.

सगळे थकले होते. एक सहकारी सहज म्हणाले, "दुसऱ्या कोनातले साडेतीन कमी करा, बरोबर येईल. मुलांना तर १८० च सांगायचंय." कोणी हसले, पण नाही म्हणायला जरा वेळच लागला. खरे सांगायचे तर प्रयोगवहीत आपण हेच करत आलो आहोत. उत्तर आधी ठाऊक असते, निरीक्षण त्याला जुळवून घेतले जाते. त्या दिवशी आम्ही काहीही न बदलता वही मिटली आणि महान कंसाच्या लोकांनी अशा वेळी काय केले हे पाहायचे ठरवले.

लॅम्बटन यांचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी स्वतः सहा आठवडे खपून ते दुरुस्त केले. त्याच यंत्राच्या जोरावर साखळी उत्तरेकडे सरकत राहिली. १८१५ मध्ये बीदरजवळ एक आधाररेषा मोजली गेली आणि १८२२ मध्ये वऱ्हाडातील टाकळखेडा येथे दुसरी. या दोहोंच्या मधल्या सुमारे ३३५ किलोमीटरच्या पट्ट्यात आजचा पश्चिम यवतमाळ येतो. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता.

पुढच्याच वर्षी, २० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाट मुक्कामी लॅम्बटन वारले. वय सत्तरीच्या घरातले. त्यांची समाधी हिंगणघाटात आहे. आपल्याकडून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे.

काम आले जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे. त्यांच्या कुटुंबाचे घर वेल्समध्ये, क्रिकहॉवेल गावाजवळ. त्याच वेल्समधील स्नोडन शिखरावरून आणि त्याच्या भोवतीच्या अरुंद धारांवरून आज लोक हौसेने दिवसभराचा फेरा मारतात. १०८५ मीटर उंचीचे ते शिखर ब्रिटनच्या त्रिकोणमापनातही एक महत्त्वाचे स्थानक होते. तिथली चाल थंडी-वाऱ्यातली. इथली तापाची.

पावसाळ्यात आणि त्यानंतर हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, दूरचे दिसते, म्हणून मोजणी तेव्हा चाले. पण तोच हिवतापाचाही मोसम. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात एव्हरेस्ट यांचा जवळजवळ सगळा तळ तापाने आडवा झाला होता. तो ताप डासांमुळे पसरतो याचा निर्णायक धागा १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला सापडला, म्हणजे पाऊणशेहून अधिक वर्षांनी. तोवर लोक जंगलातल्या हवेला दोष देत. एव्हरेस्ट स्वतः इतके खंगले की १८२४ च्या सुमारास त्यांना उचलून यंत्रापाशी न्यावे लागे.

१८३० मध्ये ते इंग्लंडहून नवी यंत्रे घेऊन परतले. उष्णतेने साखळीची लांबी बदलते. त्यावर उपाय म्हणून दोन धातूंच्या जोडपट्ट्या त्यांनी आणल्या. आता त्यांच्यापुढे प्रश्न होता तो जुन्या कामाचा. दुरुस्त केलेल्या यंत्राने आणि पोलादी साखळीने केलेली मोजणी छापून झाली होती, वाखाणलीही गेली होती. ती तशीच ठेवणे सोपे होते. एव्हरेस्ट यांनी सिरोंज ते बीदर हा पट्टा पुन्हा मोजायला लावला. म्हणजे पुसद-दिग्रसच्या धारांवर निशाणे पुन्हा चढली. हे काम अँड्र्यू वॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस केले.

पडताळणीची रीत अशी. सिरोंजची आधाररेषा जमिनीवर मोजलेली. तिथून त्रिकोणामागून त्रिकोण सोडवत सुमारे ६७० किलोमीटर दक्षिणेला बीदरला यायचे आणि बीदरच्या आधाररेषेची लांबी आधी गणिताने काढायची. मग तीच रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची. १८४१ मध्ये ती मोजली. लांबी सुमारे ४१,५७८ फूट. गणित आणि मोजणी यांतला फरक चार इंचांहून थोडा अधिक!

हा फरक लपवला गेला नाही, नोंदवला गेला. म्हणूनच त्या मोजणीवर विश्वास ठेवता येतो. इतकी सूक्ष्मता साधली म्हणून पृथ्वीचा आकारही कळला. ८ अंश अक्षांशाजवळ एका अंशाची लांबी सुमारे ११०.६ किलोमीटर भरते आणि ३० अंशांजवळ सुमारे ११०.८५. हा अडीचशे मीटरचा फरक म्हणजे पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याची खूण. गंमत म्हणजे त्यांच्या त्रिकोणांच्या कोनांची बेरीजही १८० नव्हती! गोलावर काढलेल्या चाळीस किलोमीटर बाजूच्या त्रिकोणात ती तीन-चार सेकंदांनी जास्त असते, आणि एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. हे जास्तीचे सेकंद खरे असतात, चुकीचे नसतात. आमच्या साडेतीन अंशांना मात्र हे कारण लागू नव्हते. आमच्या त्रिकोणात ही वाढ सेकंदाच्या विसाव्या भागाइतकीही नाही.

या इतिहासाची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. मोजणीबरोबर फिरलेले शल्यवैद्य आणि भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी १८२३ मध्ये गाविलगडच्या डोंगरात लाव्हाच्या थरांमधले शंखशिंपल्यांचे जीवाश्म नोंदवले. यंत्रे दुरुस्त करणारे अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन आणि गणिती राधानाथ शिकदार यांचीही नावे मागे राहिली. पण बांबूला निशाण बांधून दिवसेंदिवस माथ्यावर बसून राहिलेले, रान तोडणारे, अर्धा टन यंत्र खांद्यावरून चढवणारे खलाशी? त्यांची नावे नकाशावर नाहीत. आणि हा खटाटोप कंपनीने केवळ ज्ञानासाठी केला असेही नाही. सैन्य, सारा आणि रस्ते यांसाठी नकाशा हवा होता. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा त्याची मोजलेली चौकट तयारच होती.

महिन्याभराने आम्ही तोच फेरा पुन्हा केला. या वेळी दहावीची नऊ मुले सोबत होती. कापडाला खालून दगड बांधला. फळा हलू नये म्हणून तो तीन दगडांत पक्का बसवला आणि प्रत्येक कोन तीन वेगवेगळ्या मुलांकडून मोजून सरासरी घेतली. बेरीज आली १८१ अंश. एका मुलाने विचारले, "सर, वहीत १८० लिहू का?"

त्याला १८१ लिहायला सांगितले. त्याच्या वर पहिल्या फेऱ्याचे १८३ अंश ३० मिनिटेही लिहून ठेवली, आणि चूक कुठे झाली असावी यासाठी खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या. त्या ओळी मुलांनी दुसऱ्या दिवशी वर्गात भरल्या.

तुमच्या शाळेजवळ अशी तीन टेकाडे असतीलच. हिवाळ्यात एक दिवस काढा. पाणी, टोप्या आणि वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्या. फेरा निघाल्या जागीच संपवा, आणि जी बेरीज येईल ती लिहा.