हंगाम संपल्यावरची बोट

नॉर्वे देशाच्या उत्तर किनाऱ्याची बोटीची सफर जगभर नावाजलेली आहे. उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीही सूर्य दिसतो, तो बघायला पर्यटक येतात. सप्टेंबर सरला की गर्दी ओसरते. बोट मात्र हिवाळाभर चालू राहते, कारण ती सुरू झाली गावांसाठी.

पूर्वी ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत, हिवाळ्यात पाच महिनेसुद्धा. हॅमरफेस्टला हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. अशा अंधारात खडकांमधून बोट न्यायला कुणी धजत नव्हते. कप्तान रिचर्ड विथ यांनी ते काम अंगावर घेतले. त्यांचे वाटाडे आंदेर्स होल्टे यांनी होकायंत्र आणि घड्याळ वापरून वाटेची टिपणे काढली होती. २ जुलै १८९३ रोजी त्यांची आगबोट ट्रॉन्डहाइमहून निघाली आणि तीन दिवसांत हॅमरफेस्टला पोचली. पुढे हा मार्ग बर्गनपासून किर्केनेसपर्यंत वाढला.

पाहुणे परतले तरी गावातले आजारपण, बाळंतपण, बाजार थांबत नाही. म्हणून बायांनो, ग्रामसभेत रस्ता किंवा गाडी मागताना ती बारमाही मागा.