काळे दाणे, फिकट दाणे

अंबरनाथच्या भातखाचरांत अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या पायांत कांटा मोडणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. कांटा काढावा, जखमेवर हळद दाबावी आणि कामास लागावें, हाच शिरस्ता. परंतु कोठेंहि कांट्याबरोबर मातींतील एखादी बुरशी देहांत शिरली, तर महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, तेथें न दुखणारी गांठ येते. तिच्यांतून पू वाहूं लागतो, आणि त्यांत खसखशीएवढे दाणे दिसतात. पुढें रोग हाडापर्यंत पोंचतो.

मदुरा येथें १८४२ सालीं गिल नांवाच्या डॉक्टरानें ह्या व्याधीची नोंद केली. म्हणून तिला ‘मदुरा फूट’ म्हणूं लागले. तिचें मूळ शोधण्याचा मान मात्र मुंबईकडे जातो. ‘ग्रेज ॲनाटमी’ ह्या प्रसिद्ध ग्रंथाचीं चित्रें काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ सालीं मुंबईस आला व ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवूं लागला. रोगट पायांतील दाणे त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं धरले, तेव्हां काळ्या दाण्यांत बुरशीचे धागे दिसले. १८६० सालीं त्यानें रोगास ‘मायसेटोमा’ हें नांव दिलें, आणि १८७४ सालीं त्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

काळे आणि फिकट असे दाण्यांचे दोन प्रकार कार्टरनें वेगळे मांडले होते. ह्या भेदाचें मर्म मागाहून उलगडलें. १८९४ सालीं व्हँसाँ ह्या फ्रेंच संशोधकानें फिकट दाण्यांतील जंतु वाढवून दाखविला. तो बुरशीसारखा धागेदार असला, तरी बुरशी नव्हे, बॅक्टेरिया होय, हें पुढें ठरलें. मात्र कांहीं फिकट दाणे बुरशीचेहि असतात. तेव्हां केवळ रंगावरून निकाल देतां येत नाहीं.

हा वाद नांवापुरता नाहीं. बॅक्टेरियाचा रोग प्रतिजैविकांनीं बहुधा आटोक्यांत येतो. बुरशीवर तीं औषधें चालत नाहींत. निराळीं औषधें दीर्घकाळ द्यावीं लागतात, पुष्कळदा शस्त्रक्रियाहि करावी लागते. निदान चुकलें, तर पाय गमावण्याची पाळी येते.

२०२१ सालीं कोविडच्या साथींत महाराष्ट्रांतील अनेकांना म्युकरमायकोसिसनें ग्रासलें, तेव्हां लोकांनीं त्यास ‘काळी बुरशी’ म्हटलें. वस्तुतः काळें पडत होतें तें रोग्याचें मेलेलें मांस. तेथेंहि रंगानें फसविलें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलेल्या लहानशा तुकड्यानें खरें सांगितलें. म्हणून न दुखणारी गांठ अंगावर काढूं नये, आणि तिच्यांतील दाणा तपासल्यावांचून टाकूं नये.