पट्ट्यांवरचा गंज

कर्जत-खालापूरच्या पावसात दाराच्या कड्याही गंजतात. गंज आम्हांस नवा नाही. घाटापलीकडे, अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) दुसऱ्या महायुद्धातील व्हॅलेंटाइन उभा आहे. अशा रणगाड्याचा पोलादी पट्टा गंजला की कड्या जोडणाऱ्या पिना जाम होतात. तेल मुरवून, ठोकून त्या सोडवाव्या लागतात. सुटा गंज तारेच्या ब्रशाने उतरवावा लागतो. इथवर वाद नाही. मात्र पट्टा घासून लखलखीत केला आणि वर काळा रंग चढवला, की पिनांच्या भोकांची झीज, दगडांचे ओरखडे बुजतात. रणगाडा किती चालला, हे त्या झिजेतच नोंदलेले असते. पाठचिकित्सेत लेखनिकाची भर वगळताना आपण मूळ अक्षर खरवडत नाही. नुसता उभा ठेवायचा असेल, तर तेलाचा पातळ हात पुरे. चालवायचा असेल, तर झिजलेली पिन बदलावीच लागते. काढलेली मात्र खूण करून जपावी.