रोथॅमस्टेडचा नकार आणि मुळांवरील गाठी

हरभऱ्याचा किंवा तुरीचा बेवड चांगला, हे आपल्याकडील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. प्राचीन रोमन शेतीलेखकांनीही ल्युपिन पेरल्याने जमीन सुधारते असे नमूद करून ठेविले आहे. ही गोष्ट का घडते, याचे समाधानकारक उत्तर मात्र १८८६ पर्यंत कोणासही देता आले नाही. विलंबाचे कारण प्रयोगांची उणीव हे नव्हे. प्रयोग पुष्कळ झाले होते, आणि त्यांतील सर्वांत निर्दोष प्रयोगाने सर्वांत चुकीच्या दिशेस बोट दाखविले होते. वनस्पती व सूक्ष्मजंतू यांच्या संबंधांच्या अभ्यासाचा आरंभ या विचित्र प्रकरणातून झाला असल्याने, आपल्या विषयात संशोधनास आरंभ करणाऱ्यांनी ते थोडे तपशिलाने पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

वनस्पतीच्या शरीरातील नत्र येतो कोठून, हा एकोणिसाव्या शतकातील कृषिरसायनाचा मध्यवर्ती प्रश्न होता. वातावरणात सुमारे ७८ टक्के नत्र असूनही त्याच्या अभावी पिके खुरटतात, ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढे होती. फ्रेंच रसायनज्ञ बूसँगो यांनी १८३७-३८ मध्ये या प्रश्नास प्रथम तराजू लावला. भाजलेल्या वाळूत त्यांनी क्लोव्हर, वाटाणा, गहू व ओट वाढविले. पहिल्या दोहोंत नत्राची वाढ आढळली, शेवटच्या दोहोंत आढळली नाही. पुढे १८५१ पासून त्यांनी हेच प्रयोग अधिक कसोशीने, बंद पात्रांत करून पाहिले, तेव्हा कोठेच वाढ आढळली नाही. साहजिकच नंतरचे प्रयोग त्यांना अधिक विश्वसनीय वाटले. त्यांचे देशबांधव जॉर्ज व्हिल यांचा अनुभव उलट होता, आणि दोघांचा वाद बराच गाजला.

हा वाद निकालात काढण्याचे काम इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे हाती घेण्यात आले. लॉज व गिल्बर्ट यांनी १८४३ पासून तेथे शेतीप्रयोग चालविले होते. पिकांना नत्र जमिनीतून पुरवावा लागतो की वातावरणातील अमोनिया त्यांना पुरेसा होतो, याविषयी लीबिखशी त्यांचा प्रदीर्घ संघर्ष चालू होता. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या दृष्टीने केवळ जिज्ञासेचा विषय नव्हते. १८५७ मध्ये इव्हान प्यू हा अवघ्या २९ वर्षांचा अमेरिकन तरुण त्यांना येऊन मिळाला. त्याने नुकतीच ग्योटिंगेन येथून डॉक्टरेट मिळविली होती. १८५७ व १८५८ या दोन हंगामांतील प्रयोगांचा प्रत्यक्ष भार मुख्यतः त्यानेच वाहिला.

प्यूची कार्यपद्धती आजही आदराने वाचावी अशी आहे. माती भट्टीत भाजून तिच्यातील नत्रयुक्त द्रव्य जाळून टाकले जाई. कुंड्या काचेच्या आवरणाखाली ठेवीत. आत जाणारी हवा गंधकाम्लातून नेऊन तिच्यातील अमोनिया काढून घेत. पेरलेल्या बियांतील नत्र आधी मोजलेला असे, आणि हंगामाअखेर रोप व माती यांतील नत्र पुन्हा मोजला जाई. जमाखर्चाचा हा ताळेबंद जवळजवळ पूर्णतः जुळला. वनस्पती हवेतील मुक्त नत्र घेत नाहीत, हा निष्कर्ष १८६१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पाव शतक तो जवळजवळ शिरसावंद्य मानला गेला.

पाठ्यपुस्तकांतून लॉज व गिल्बर्ट यांना या निष्कर्षाबद्दल हलकेच दोष दिलेला आढळतो. प्रस्तुत लेखकास तो अन्याय्य वाटतो. ज्या परिस्थितीत त्यांनी रोपे वाढविली, त्या परिस्थितीपुरते त्यांचे उत्तर अक्षरशः खरे होते. भट्टीने मातीतील नत्राबरोबर मातीतील जीवही जाळला. नत्राच्या हिशेबात चूक राहू नये म्हणून घेतलेल्या खबरदारीनेच ज्याचा शोध घ्यावयाचा त्याचा नाश झाला. बूसँगोच्या पहिल्या प्रयोगांतील रोपे उघड्या हवेशी संपर्कात होती, तेथे धुळीबरोबर जंतू शिरले असावेत. म्हणजे कमी स्वच्छ प्रयोग सत्याच्या अधिक जवळ होता. शिवाय रोथॅमस्टेडच्या निबंधातच एक महत्त्वाची कबुली आहे: शेंगावर्गीय रोपे प्रयोगात निरोगी वाढली नाहीत, आणि अधिक चांगल्या वाढीच्या परिस्थितीत त्यांच्यावर पुन्हा प्रयोग व्हावयास हवेत, असे लेखकांनी स्वतःच म्हटले होते. निष्कर्ष उद्धृत करणाऱ्यांनी हे वाक्य बहुधा सोडून दिले.

खरा पेच पुढे आला तो त्यांच्याच शेतात. १८७३ मध्ये एका शेताच्या एका भागात जव व दुसऱ्या भागात क्लोव्हर घेण्यात आले. जवाने एकरी सुमारे ३७ पौंड नत्र उचलला, तर क्लोव्हरने सुमारे १५१ पौंड. दुसऱ्या वर्षी दोन्ही भागांत जव पेरले. जवानंतरच्या जवात सुमारे ३९ पौंड नत्र आढळला, क्लोव्हरनंतरच्या जवात सुमारे ६९ पौंड. चौपट नत्र उचलून नेणारे पीक जमीन अधिक सकस करून जाते, हे कोणत्याही ताळेबंदात बसणारे नव्हते. क्लोव्हरची खोल मुळे खालच्या थरांतील नत्र वर आणीत असावीत, अशी उपपत्ती मांडली गेली. काचेखालच्या प्रयोगावरील विश्वास इतका दृढ होता की शेतातील आकड्यांनाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले.

या काळात उत्तराचा दुसरा अर्धा भाग वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती होता. शेंगावर्गीय मुळांवरील गाठींची चित्रे माल्पिगीने १६७९ मध्येच दिली होती. १८६६ मध्ये व्होरोनिन यांना ल्युपिनच्या गाठींत जंतूसदृश सूक्ष्म कण दिसले. १८७९ मध्ये फ्रांक यांनी दाखविले की निर्जंतुक केलेल्या मातीत गाठी येतच नाहीत. परंतु गाठी हा बहुतेकांच्या मते एक रोग होता किंवा अन्नाचा साठा होता. रसायनज्ञ नत्र मोजीत होते आणि सूक्ष्मदर्शकावर बसलेले लोक गाठी कापीत होते. एकाच झाडाकडे पाहूनही त्यांची भेट झाली नाही.

ती घडवून आणली हेलरीगेल व विल्फार्ट यांनी, जर्मनीतील बेर्नबुर्ग येथे. त्यांचा मूळ उद्देश फारच साधा होता: वाळूच्या कुंड्यांत पिकांना निरनिराळ्या प्रमाणात नायट्रेट देऊन वाढ मोजणे. ओटची वाढ दिलेल्या नायट्रेटच्या प्रमाणात होई. वाटाणा मात्र नियम पाळीना. नत्र मुळीच न दिलेल्या दोन शेजारच्या कुंड्यांपैकी एकीतील रोपे उपासमारीने मरत, तर दुसरीतील जोमाने वाढत. अन्य कोणी असता तर त्याने सरासरी काढून हा उपद्रव मिटविला असता. हेलरीगेल यांनी विसंगतीलाच प्रश्न मानले. रासायनिक उपचार सारखा असूनही फळ सारखे नसेल, तर कारण योगायोगाने कुंडीत येऊन पडणारे काहीतरी असले पाहिजे. म्हणून त्यांनी निर्जंतुक वाळूतील काही कुंड्यांना पोयट्याच्या मातीचा थोडासा अर्क दिला, आणि काहींना तोच अर्क उकळून दिला. पहिल्या गटात गाठी आल्या व रोपे हिरवीगार झाली. दुसऱ्या गटात दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत. उकळल्याने अर्कातील नत्र जात नाही, जीव जातो. आपल्या विषयातील यानंतरच्या असंख्य नियंत्रणप्रयोगांचे मूळ या उकळलेल्या अर्कात आहे असे म्हणावयास हरकत नाही. हे निष्कर्ष १८८६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत मांडले गेले व १८८८ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. १८८८ मध्येच डेल्फ्ट येथील बायेरिंक यांनी गाठींतील जंतू शुद्ध स्वरूपात वाढविला. १८८९ मध्ये फ्रांक यांनी त्यास रायझोबियम हे नाव दिले. १८९० मध्ये श्लोसिंग (धाकटे) व लोराँ यांनी बंद पात्रातील हवेचा नत्र जितका कमी होतो तितकाच रोपांत वाढतो हे प्रत्यक्ष मोजून दाखविले. सत्तरी गाठलेले लॉज व गिल्बर्ट यांनी १८८८ मध्ये रोथॅमस्टेडला पुन्हा कुंड्या मांडल्या, या वेळी मातीच्या अर्कासह, आणि स्वतःच्या तीस वर्षांपूर्वीच्या निष्कर्षाची मर्यादा स्वतःच्या आकड्यांनी सिद्ध केली. प्यू हे पाहावयास उरला नव्हता. पेन्सिल्व्हेनियातील कृषिविद्यालयाचा पहिला अध्यक्ष म्हणून काम करीत असता १८६४ मध्येच, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो मृत्यू पावला.

येथे एका मुद्द्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. बूसँगोपासून प्यूपर्यंत सर्वांनी विचारलेला प्रश्न एकच होता: वनस्पती हवेतील नत्र घेते काय? या वाक्याचा कर्ता एकटी वनस्पती आहे. हेलरीगेलनंतर कर्ता बदलला. नत्र घेणारी वनस्पती नव्हे, एकटा जंतूही नव्हे. जंतू मुळात शिरतो, वनस्पती त्याच्याभोवती गाठ रचते व त्यास शर्करा पुरविते, आणि त्या गाठीच्या आत नत्राचे अमोनियात रूपांतर होते. ज्यास आपण आज एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्र म्हणतो, त्याचा विषय म्हणजे हा संबंध होय. नियंत्रणासाठी एका पक्षास दूर करणे अपरिहार्य असते. परंतु दूर केलेल्या पक्षाची नोंद ठेवावयाची असते, हे प्यूच्या भट्टीवरून ध्यानात येते.

हेलरीगेल यांच्याच कुंड्यांत आणखी एक कोडे शिल्लक राहिले होते. ज्या पोयट्याच्या अर्काने वाटाणा सुधारला, तो ल्युपिनला उपयोगी पडला नाही. ल्युपिनला ल्युपिनच्या रेताड शेतातील मातीचाच अर्क लागला. जंतू आपले झाड कसे ओळखतो, किंवा झाड आपला जंतू कसा ओळखते, याचा उलगडा होण्यास आणखी शंभर वर्षे लागली. १९८६ मध्ये लसूणघासातील ल्युटिओलिन हे द्रव्य जंतूची गाठी निर्माण करणारी जनुके जागृत करते असे आढळले. १९९० मध्ये तुलूझ येथील संशोधकांनी जंतूकडून येणाऱ्या प्रत्युत्तराची रासायनिक रचना उलगडली: कायटिनच्या जातीची एक आखूड साखळी, तिला जोडलेले एक मेदाम्ल, आणि एका टोकास सल्फेटचा एक गट. लसूणघासाचे मूळ या सल्फेटयुक्त रेणूस प्रतिसाद देते. सल्फेट काढून टाकल्यास ते जवळजवळ स्तब्ध राहते, आणि व्हेच ही निराळी वनस्पती त्यास प्रतिसाद देऊ लागते.