भूकंपोत्तर धास्ती (धाराशिव जिल्हा)

मोठ्या भूकंपातून वाचलेल्या माणसांत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टिकणारी भीती, झोपमोड आणि शारीरिक अस्वस्थता. मानसवैद्यकात ती चिंताविकार किंवा आघातोत्तर ताणविकार यांत मोडते. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांनी 30 सप्टेंबर 1993 नंतर ती गावोगाव अनुभवली.

पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धक्का बसला तेव्हा लोक गणेश विसर्जन आटोपून गाढ झोपेत होते. सुमारे 10 हजार माणसे दगावली. धाराशिव जिल्ह्यात उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यातील गावे, विशेषतः सास्तूर, उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यावर मातीचा जाड थर दिलेले माळवद ही इथल्या घरांची जुनी रीत. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छत झोपेत अंगावर आले. त्यामुळे पुढे भीती जडली ती जमिनीइतकीच घराच्या छपराची. त्यात लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात तर 1992 पासूनच लहान हादरे बसत होते.

धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील अमिग्डाला हा भाग इशारा देतो. अनुकंपी तंत्रिका तंत्र जागे होते, अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनलिन स्रवते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो. जीव वाचवण्यासाठी ही यंत्रणा हवीच. पण भीषण आघातानंतर तिचा उंबरठा खाली येतो. गावातून जड ट्रक गेला, मांडणीवरची भांडी खणखणली, की माणूस अंथरुणातून उठून थेट अंगणात येतो. विचार करायला सवडच मिळत नाही. याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ‘मन घट्ट कर’ एवढ्या सांगण्याने ही धडधड थांबत नाही.

भूकंपानंतर अनेकांनी पक्क्या घरात झोपणे टाळले. नवे घर मिळाल्यावरही शेजारी पत्र्याचे शेड ठोकून रात्र तिथे काढली. पत्रा पडला तरी माणूस दबत नाही, हा हिशेब चुकीचा नव्हता. मात्र सुरक्षित घरही कायमचे टाळत राहिले, तर भीतीला आव्हानच मिळत नाही आणि ती मुरते. म्हणून उपचारात टाळलेल्या गोष्टीकडे टप्प्याटप्प्याने परतवतात: आधी दिवसा घरात बसणे, मग दार उघडे ठेवून दुपारची झोप, मग रात्र.

पुनर्वसनाची चर्चा प्रामुख्याने घरांच्या संख्येवर होते. बांधकाम समजून घेण्याचा मनावर झालेला परिणामही तितकाच मोलाचा मानायला हवा. दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातील बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड का घालायचे, माळवदावरचा भार का उतरवायचा, हे त्यांनी शिकून घरोघरी सांगितले. आपली भिंत कशामुळे उभी राहील हे ज्याला कळले, त्याच्या धास्तीला निदान उत्तर मिळते.

तात्काळ शांत होण्यासाठी सावकाश श्वसन उपयोगी पडते. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला, की व्हेगस या मज्जातंतूमार्फत परानुकंपी तंत्राचा प्रभाव वाढतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. पाय जमिनीवर टेकवून आसपासच्या वस्तूंकडे लक्ष नेणे, झोपेची ठरावीक वेळ, संध्याकाळनंतर चहा टाळणे यांचाही आधार होतो. त्रास महिन्याहून अधिक टिकला, काम सुटले, दारू वाढली किंवा मरणाचे विचार आले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक. बोधात्मक वर्तनोपचार आणि औषधे, दोन्ही परिणामकारक आहेत. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय किंवा हृदयरोग यांतही छाती धडधडते, त्यामुळे आधी तपासणी व्हावी.

दुष्काळ आणि कर्ज यांनी जिल्ह्यातील चिंतेला पुढे वेगळे कारण दिले. 2015 मध्ये राज्य शासनाने शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळसह हाच जिल्हा निवडला. प्रेरणा या मानसिक आरोग्य प्रकल्पात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन ताणाची लक्षणे विचारतात. 2022 पासून टेलि-मानस या सेवेच्या 14416 क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत समुपदेशन मिळते.