जपानी सुरीतील जोडपोलाद : धातूची निवड आणि पाणी देण्याची परंपरा

प्रस्तावना

मऊ लोखंड व कठीण पोलाद भट्टीत एकजीव करून घडविलेले पाते हे जपानी सुरीचे वैशिष्ट्य होय. त्याचा उगम सामुराईंच्या तलवारीत शोधण्याची प्रथा आहे. इ.स. १८७६ च्या हाइतोरेई आदेशाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी आली आणि अनेक तलवारकार सुऱ्या व अवजारे घडवू लागले, हे खरे आहे. तथापि साकाई येथील तंबाखू कापण्याच्या सुऱ्यांना इदो काळातच शोगुनशाहीची अधिकृत मुद्रा लाभली होती. सुरीकामाची परंपरा त्या आदेशाहून जुनी असल्याने जोडपोलादाची कारणे अन्यत्र शोधणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

पोलादाची दुर्मिळता

इझुमो प्रांतातील तातारा भट्टीत लोहवाळू व लोणारी कोळसा तीन दिवस-रात्र जाळला जाई. इ.स. १९७७ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या तातारात सुमारे १० टन लोहवाळू व १२ टन कोळशापासून अंदाजे २.५ टनांचा गोळा मिळतो. उत्तम पोलाद त्याचा केवळ एक भाग असतो. अशा मौल्यवान धातूचे संपूर्ण पाते सामान्य गिऱ्हाइकास परवडणारे नव्हते. म्हणून धारेपुरते पोलाद आणि उरलेल्या भागास मऊ लोखंड, ही काटकसर रूढ झाली.

धातूची निवड

इ.स. १८९९ मध्ये यासुगी येथे पोलाद कंपनी स्थापन झाली. तिचा वारसा पुढे हिटाची मेटल्सकडे आला. ही कंपनी २०२३ पासून प्रोटेरियल या नावाने ओळखली जाते. तेथील ‘पांढरा कागद’ व ‘निळा कागद’ ही पोलादांची नावे वेष्टनाच्या रंगावरून पडली. पांढऱ्या क्रमांक २ मध्ये कार्बन १.०५ ते १.१५ टक्के असून अन्य मिश्रधातू जवळजवळ नसतात. निळ्यात टंगस्टन व क्रोमियम मिसळल्याने धार अधिक टिकते. पांढरे मात्र दगडावर लवकर धार घेते.

पाणी देणे

टाकणखार व लोखंडाचा कीस घालून दोन्ही धातू जोडले जातात. येथे उष्णता अधिक झाल्यास पोलादाचे कण जाड होतात व कार्बन घटतो. पुढे पात्यास मातीचा लेप देऊन सुमारे ७८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात बुडवितात. हा क्षण तापलेल्या धातूच्या रंगावरून ओळखावयाचा असल्याने कारागीर काम अंधारात करतात. नंतर सौम्य उष्णता देऊन ठिसूळपणा कमी केला जातो. कठीण होताना पोलाद किंचित फुगते, लोखंड मात्र तसेच राहते. परिणामी पाते वाकते. तथापि कार्बन अत्यल्प असल्याने लोखंड मऊच राहते आणि हातोडीने पाते सरळ करता येते. अखंड पोलादाच्या ‘होन्याकी’ सुरीत ही सवलत फारच थोडी असते. म्हणूनच ती महाग पडते.

निष्कर्ष

विसाव्या शतकात पोलाद स्वस्त झाले, म्हणजे काटकसरीचे मूळ कारण संपले. तरीही जोडपोलाद टिकले. धार लावणे सुलभ होणे, पाते न तुटणे आणि पाणी देतानाची चूक सुधारता येणे ही त्याची कारणे होत. यावरून धातूची निवड व उष्णतासंस्कार हे दोन स्वतंत्र निर्णय नसून एकच निर्णय आहे, असे म्हणता येते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात केवळ धातूचे घटक नोंदवून कारागिराची नजर वगळली, तर तो इतिहास अपुरा राहील.